उजेडाचा मार

ठोसा बसला तो डाव्या बरगडीत, आणि लागलं मात्र काहीच नाही. ग्लासातलं पाणी तेवढं हिंदकळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि तोंडातून ‘आई गं!’ निघून गेलं, खरं लागल्यावर निघतं तसंच. ती स्वयंपाकघरातून सोफ्याकडे पाणी घेऊन निघाली होती. वाटेत प्रोजेक्टरचा झोत. झोतात दोन उघडे, घामानं निथळणारे बॉक्सर. आणि त्यांतल्या निळ्या चड्डीवाल्यानं नेमका त्याच घटकेला लाल चड्डीवाल्याच्या कुशीत हाणला. लाल चड्डीवाला होता भिंतीवर, पण त्याची कूस त्या क्षणी तिच्या पांढुरक्या गाऊनवर पडली होती. लेक खो खो हसली. “आई, तुला लागला! बाबा, आईला पंच लागला!” मग मास्तरही हसले. ओठांतल्या ओठांत नव्हे, सोफ्यावर मागं रेलून, पोट धरून, डोळे पुसत. तिचा नवरा असा शेवटचा कधी हसला होता हे तिला आठवेना. तीही हसली. घरात इतक्या दिवसांनी हसू आलंय, त्याला आपण तोंड पाडून दार कशाला दाखवायचं? पण पाणी देऊन ती स्वयंपाकघरात परत आली, गाऊन वर केला आणि दिव्याखाली बरगडी बघितली. कातडीवर काही नव्हतं. बोटानं दाबून बघितलं. दुखत होतं, की दाबल्यामुळे दुखत होतं, हे काही ठरेना. बाहेरून मास्तरांचा आवाज आला, अजून हसण्यानं ओला असलेला: “अगं, लिंबू पिळून देतेस का थोडं पाण्यात?” ती लिंबू पिळून निघाली, आणि झोताच्या कडेशी पोचल्यावर तिचे पाय आपोआप थबकले. भिंतीवर लाल चड्डीवाल्याची भुवई फुटली होती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे. गल्लीत, बाजारात, तिच्या हॉटेलातसुद्धा त्यांना सगळे मास्तरच म्हणत, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली आणत, इतका माणूस शांत. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, डोळ्यांपुढे दुसऱ्यांच्या चुका. कुणी गाडी खांबाकडे नेतोय, कुणी चढावर मागं सोडतोय, कुणी म्हातारीच्या अंगावर घालतोय. मास्तरांचा आवाज चढायचा नाही. “हळू. क्लच सोडा… सोडा… आता.” नवऱ्याकडून गाडी शिकायला गेलेल्या आणि रडत परत आलेल्या बायका खास त्यांच्याकडे येत. “तुमचे मास्तर म्हणजे देवमाणूस हो,” असं तिला भर रस्त्यात थांबवून सांगत. ती ‘हो ना’ म्हणे. त्यात खोटं काय होतं? देव दिवसभर लोकांकडे कामाला जायचा, संध्याकाळी घरी परत यायचा तो नुसता माणूस, आणि तोही भुकेला. लोकांच्या चुकांवर दाबून धरलेला एकेक ब्रेक मास्तर घरी येऊन सोडत. मीठ कमी पडलं, रिमोट सापडला नाही, लेकीनं उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, की हातात असेल ते सुटायचं आणि समोर असेल ते फुटायचं. माणूस सोडून. हा त्यांचा नेम होता, आणि नेमाचा अभिमानही. “मी आजवर बाईवर हात उचललेला नाही,” हे ते अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्यानं बायकोकडे वळून तिचं अभिनंदन करावं. ती ते स्वीकारतही असे. हिशेब चोख होता. कपाटाचं दार गेलं, आरसा गेला, लग्नात आलेली फुलदाणी गेली. तिच्या अंगाला ओरखडा नाही. फुलदाणीच्या वेळी ती नवी नवरी होती, भिंतीला चिकटून उभी राहिली होती, आणि मग मास्तर स्वतः गुडघ्यांवर बसून तुकडे वेचायला लागले, बोट कापून घेतलं, आणि तिनं पट्टी बांधली तेव्हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे पडून राहिले. पुढचे कितीतरी दिवस घरात ते आवाज न करता चालत, तिला आवडणारं काहीबाही घेऊन येत. त्यावरून तिनं एक शिकून ठेवलं: काहीतरी फुटलं की हा माणूस माझा होतो. फुटायला मग काहीतरी हवं.

आणि फुटायला काय हवं ते तिच्याइतकं कुणाला कळणार? ती एका मोठ्या हॉटेलात काचसामानाचं स्टोअर सांभाळायची. तिथला नियम असा की टवका उडालेला कप पाहुण्यापुढे जाता कामा नये, आणि भंगारात धडधाकटही जाता कामा नये. नाहीतर हॉटेलचं नाव छापलेला तोच कप उद्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दिसायचा. म्हणून बाद झालेला माल तिनं स्वतःच्या हातानं फोडायचा. मागच्या अंगणात लोखंडी पिंप होतं, पिंपात माल, हातात दांडा. पहिल्या दिवशी तिचा हात धजला नव्हता. मग धजला. मग तिला कळलं की बशी मध्यावर मारली तर नुसती टिचते, कडेला मारली तर फुलते. फोडून झालं की महिन्याची तूटफूट लिहायची, विषय मिटला. त्या मालातले काही कप ती फोडायच्या ऐवजी पिशवीत घालून घरी आणायची. आचारी एकदा म्हणाला होता, “बाई, तुमच्या घरी एवढी मोडकी भांडी लागतात कशाला? सासर आहे की नेमबाजीचं मैदान?” ती म्हणाली, “पाहुणे फार.” मास्तरांची जिन्यातली पावलं जड वाजली, किल्ली कुलुपात पहिल्याच खेपेला गेली नाही, चप्पल भिंतीला लागली, की टेबलाच्या कडेशी, हाताला येईल असा, एक कप. पोर रडायच्या आत त्याच्या तोंडात काहीतरी द्यावं तसा. फुटला की ती केरसुणी घेऊन यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, सुटलो. जे तिनं तिकडे फोडायचं ते ती इकडे त्यांना फोडायला आणून देत होती. काम तेच, फक्त कामगार घरचा.

हिशेब बिघडला तो टीव्हीपाशी. कुठल्याशा सामन्यात कुणीतरी सोपा झेल सोडला आणि मास्तरांनी इस्त्री भिरकावली. कडेशी कप होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पडद्यावर आधी कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी उमटलं, मग एक उभा हिरवा पट्टा, मग काळोख, आणि काळोखातून समालोचक आणखी थोडा वेळ बोलत राहिला, गळा चिरलेल्या कोंबड्यानं चार पावलं चालावं तसा. टीव्ही महाग होता, त्याचं तिला वाईट वाटलंच. पण त्याहून तिला लागलं ते हे की आपला अंदाज चुकला. नवीन घ्यायला ती एकटीच गेली. दुकानातला पोऱ्या चुणचुणीत होता. “ताई, घरात पोरं आहेत का चेंडू मारणारी? मग टीव्ही घेऊच नका, प्रोजेक्टर घ्या. वर टांगायचा, हाताला येत नाही. आणि चित्राला फुटायला काही नाहीच, नुसता उजेड. मारा काय मारायचं ते!” तिला हसू आलं. मारा काय मारायचं ते. तिनं तिथल्या तिथे पैसे भरले. भिंतीला फोडून दाखवा म्हणावं आता.

रोजचा टीव्ही भिंतीवर बघायचा म्हणजे घराची सगळी वहिवाटच बदलते, हे त्या पोऱ्यानं सांगितलं नव्हतं. लेकीनं यंत्र सोफ्याच्या मागं, छताजवळ ठोकून घेतलं. लेकीला घरात सगळे बटण म्हणत. लहानपणी ती तेवढीच होती, आणि आता शाळेत शेवटच्या बाकावर बसण्याइतकी उंच झाली तरी नाव तेच. बटणनं चित्र सरळ केलं, भिंतीवरची घड्याळ-कॅलेंडरं उतरवली, जाड पडदे लावले. सकाळच्या बातम्यांनासुद्धा काळोख लागायचा. उजेड आत आला की बातम्या देणारी बाई धुतलेल्या कापडासारखी फिकी व्हायची. म्हणून पडदे ओढलेलेच राहिले. घरात दिवस असा उरला नाही, नुसते कार्यक्रम उरले. बातम्यांतली बाई कपाटापेक्षा उंच होती, तिच्या दातांत माणूस बसला असता. सोफ्यावरून उठलेला प्रत्येक जण आधी तिच्या हनुवटीवर सावली होऊन चढायचा. आणि स्वयंपाकघराचं दार चित्राच्या भिंतीलाच लागून, त्यामुळे आत-बाहेर करणाऱ्यानं उजेडातूनच जायचं. पूर्वी वाकून गेलं की भागत असे, आता वाकूनही भागेना. पहिले दिवस मास्तर खूष होते. मग एका संध्याकाळी कुठलासा पुढारी काहीतरी बोलला आणि मास्तरांनी टेबलाच्या कडेचा कप उचलून त्याच्या तोंडावर मारला. नेम अचूक होता. कप फुटला, तुकडे खाली आले, आणि पुढारी बोलतच राहिला. गालातून चहाचा ओघळ जात होता, आणि तो हसून हात जोडत होता. मास्तरांनी दुसरा कप मारला. भिंतीला पोचा पडला असेल नसेल. चेहऱ्याला काही नाही. मास्तर उभेच राहिले. ती केरसुणी घेऊन आली तेव्हा तिनं वर बघितलं, आणि तिला त्यांच्या तोंडावर जे दिसलं तो राग नव्हता. वर्गात पोरांनी हुर्यो केल्यावर एखाद्या शिक्षकाचं तोंड होतं तसं ते होतं. त्या दिवशी ते मांडीवर आले नाहीत. त्यानंतर त्यांनी काही फोडलंच नाही. कप टेबलाच्या कडेशी तसेच राहू लागले, त्यांच्यावर धूळ बसू लागली, आणि तिला स्वतःला बरं वाटून घेता येईना. दूध वर यावं, अगदी कडेला यावं, आणि उतू न जाता तिथंच थरथरत राहावं. गॅस बंद करायला हात न्यावा तर बटणच सापडू नये.

आणि मग तो ठोसा. तिनं नंतर पुष्कळ वेळा तो मनात उलटून-पालटून बघितला. भिंत ‘आई गं’ म्हणत नव्हती. ती म्हणाली होती.

पुढे घरात बॉक्सिंगच लागू लागलं. मास्तरांना पूर्वी त्यात काही गम्य नव्हतं. आता त्यांना खेळाडूंची नावं येऊ लागली, कुणाचा डावा चांगला, कुणाची हनुवटी कच्ची. आणि तहान वाढली. “अगं, पाणी.” ती दारात यायची. मास्तर भिंतीकडे बघत असायचे, मान जराशी कलती, एक पाय सोफ्याखाली कशावर तरी दाबल्यासारखा ठेवलेला. “ये. ये. हळू.” आवाज तोच, शिकवणीचा, लोण्यासारखा. “हळू… आता.” ती पाऊल टाकायची आणि तिच्या छातीवर, गळ्यावर, एकदा तर सरळ तोंडावर हातमोजा येऊन फुटायचा. डोळ्यांत सगळा उजेड जायचा, काही दिसायचं नाही, आणि त्या पांढऱ्या आंधळेपणात ती त्यांचं हसू ऐकायची. एकदा म्हणून योगायोग, दोनदा म्हणून गंमत. पण ती आयुष्यभर माल मोजत आलेली बाई, तिला कळत होतं की मास्तर वेळ साधताहेत. समोरून येणारी गाडी, सायकलवाला आणि खड्डा यांचा एका नजरेत मेळ घालणारा माणूस तो. त्याला एक बायको आणि एक ठोसा एकत्र आणणं काय जड? ती कधी मुद्दाम थांबायची, तर ते म्हणायचे, “का गं, काय झालं? ये की.” कधी पळत जायची, तर म्हणायचे, “पाणी सांडेल.” बोलायला जागाच नव्हती. काय म्हणणार? उजेड लागतो म्हणणार? पण रात्री अंथरुणावर पडलं की तिला जागोजाग ठणकायचं, आणि सकाळी अंघोळ करताना ती स्वतःच्या अंगावर निळं शोधायची. सापडलं नाही की तिला आपलंच खोटं पकडल्यासारखं वाटायचं.

हॉटेलच्या अंगणात दांडा आता वेगळा चालू लागला. पूर्वी ती एक-एक नग घेऊन फोडायची. आता पिंप भरेस्तोवर थांबायची आणि मग दोन्ही हातांनी. कपांना तिला दात दिसायचे. बशीची कड म्हणजे भुवई. एकदा तिनं एका जाड कॉफीच्या मगाला मधोमध हाणलं, तो फुटला नाही, दुसऱ्यांदा हाणलं, नाही, आणि तिसऱ्या खेपेला फुटला तेव्हा तिच्या कानात स्पष्ट हाडाचा आवाज झाला, तिनं कधी न ऐकलेला, तरी ओळखीचा. मानेमागून घाम उतरला. तिला समजलं की आपण मघापासून ‘हळू… आता, हळू… आता’ म्हणत होतो. आचारी दारात विडी विझवून उभा होता. तो एरवी चेष्टा केल्याशिवाय राहायचा नाही. “बाई,” तो म्हणाला, “पिंपाला पोचा आला.” आणि आत निघून गेला.

तिनं उपाय करून बघितले नाहीत असं नाही. कपांवरची धूळ पुसली, ते जरा आणखी पुढे सरकवले. चहात मुद्दाम साखर विसरली. मास्तरांनी घोट घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि कप विसळून ओट्यावर पालथा घातला. मग तिनं कपाटातला चांगला सेट काढला, सोनेरी कडेचा, अखंड, कधी न वापरलेला. तो टेबलावर मांडला, अगदी कडेशी. घ्या, हा फोडा, सगळा फोडा. नेमक्या त्याच दिवशी वन्सं आल्या. मास्तरांची ही थोरली बहीण. हिचं सगळं आयुष्य भावाच्या रागाची तरफदारी करण्यात गेलेलं. “अगंबाई, सोनेरी कप! मी काय परकी आहे होय?” मग सोफ्यावर बसून, चपला काढून, पाय वर घेऊन, “हे चांगलं केलंत हो, थेटरच की घरात. पण एवढा काळोख? मला तर कोण भाऊ, कोण भावजय काही कळेना.” मास्तर म्हणाले, “ताई, हिला विचार, मी शेवटचं काही कधी फोडलं.” वन्संनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “नाही फोडलं. बऱ्याच दिवसांत नाही.” “बघ!” वन्संनी पदर डोळ्यांना लावला. “सुधारला गं माझा भाऊ. आणि तसा त्यानं बाईवर हात कधी…” “नाही,” ती म्हणाली, “कधी नाही.” “अगं मग तुझं तोंड का असं? सुख टोचतंय की काय?” मास्तर हसले. म्हणाले, “हिला जरा पाणी आणायला सांग, म्हणजे गंमत दाखवतो तुला.” आणि गंमत दाखवली. वन्संना ठसका लागेपर्यंत हसू आलं. “अगं, खरंच लागल्यागत करते की ही!” मग मास्तर स्वतः उठले, झोतात शिरले. त्यांची सावली भिंतीभर झाली, दोन्ही बॉक्सर तिच्यात बुडाले. मुठी वळून ते तिच्यापुढे नाचले, एक-दोन, एक-दोन, आणि मग डाव्या मुठीचा वारा तिच्या गालाला लागला. मूठ बोटभर अंतरावर थांबली होती. मुठीवर केस होते, मनगटाला घड्याळाचा पट्टा होता, साबणाचा वास होता. “घाबरलीस?” मास्तर म्हणाले. “अगं, नुसती सावली होती.” वन्सं टाळ्या वाजवत होत्या. तिनं लेकीकडे बघितलं. बटण हसत नव्हती. ती बापाच्या पायांकडे बघत होती, कुठला पाय पुढे, कुठला मागे, नवीन गणित फळ्यावरून उतरवून घ्यावं तशी.

मग एक रविवार आला. बाहेर लख्ख दुपार असणार, पण घरात बॉक्सिंग होतं. ती स्वयंपाकघरात पीठ मळत होती, आणि हाक आली. “बटण, पाणी आण गं.” तिचे हात पिठात तसेच राहिले. आजवर पाणी तिच्याकडे मागितलं जायचं. तिला वाटलं, चुकून. बटण आतल्या खोलीतून आली, ग्लास भरला, आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. पुढे गेली नाही. ग्लास छातीशी धरून ती भिंतीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. कोण दमलाय, कोण कोपऱ्यात सापडलाय, घंटा किती लांब आहे. आई होऊन जी विद्या आपण कुणाला शिकवली नाही, जिन्यातल्या पावलांची, किल्लीची, टेबलाच्या कडेची, ती पोरीनं बघून बघून आपली आपण घेतली होती, आणि आपल्यापेक्षा चांगली घेतली होती. सोफ्यावरून आवाज आला, “ये, ये. हळू.” बटणनं उजवं कोपर वर उचललं, तोंडापुढे आडवं धरलं, मान खांद्यांत घातली, आणि उजेडात शिरली. ठोसा कोपरावर आला. “शाब्बास!” मास्तर ओरडले. “बघितलंस? असं अडवायचं! तुझ्या आईला इतक्या दिवसांत जमलं नाही!” बटण तिथंच उभी होती, कोपर वर, आणि बापाच्या शाबासकीनं तिच्या तोंडावर जरासं हसू आलं होतं. ते हसू बघितलं आणि स्वयंपाकघरातल्या बाईच्या आत काहीतरी, जाड मगासारखं, तिसऱ्या खेपेचं, फुटलं.

पिठाच्या हातांनी ती बाहेर आली. लेकीला खांद्याला धरून झोताबाहेर केलं आणि स्वतः झोतात उभी राहिली, भिंतीला पाठ, सोफ्याकडे तोंड. डोळ्यांत तो पांढरा आंधळेपणा भरला. अंगावर दोन माणसं एकमेकांना बुकलत होती. पोटावर, मानेवर, कपाळावर. तिनं डोळे मिटले नाहीत. “अगं, बाजूला हो,” उजेडाच्या पलीकडून आवाज आला. ती हलली नाही. “शेवटचा राउंड आहे.” “असू दे.” “बाजूला हो म्हणतो ना.” आवाज अजून लोण्याचा होता. “हळू. एक पाऊल. डावीकडे… घे.” “मला शिकवू नका,” ती म्हणाली. “आणि तिला तर मुळीच शिकवू नका.” सोफ्याच्या स्प्रिंगा वाजल्या. तिला माणूस दिसला नाही, उजेडाला एक भोक पडत मोठं होत आलं एवढं दिसलं. तिला वाटलं, मूठ थांबेल, बोटभर अलीकडे, साबणाचा वास येईल. वास आला. मूठ थांबली नाही.

इतके दिवस अंगावर जे पडत होतं त्यात उजेड होता, यात नव्हता. हे काळं होतं, त्याला हाड होतं, वजन होतं, ते आत शिरलं आणि आत शिरल्यावरही पुढे जात राहिलं. ओठ दातांवर फाटला. टेबलाचा कोपरा कमरेत आला, कप खाली गेले, कुठले ते कळलं नाही. ती जमिनीवर बसली होती. तोंडात लोखंड आणि मीठ. पिठाच्या पंज्यावर लाल थेंब पडून जागीच गोळा होत होते. वर, ती बाजूला झाल्यामुळे, चित्र पुन्हा पुरं दिसत होतं, आणि दोघे बॉक्सर दमून एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत होते. “तू मध्ये आलीस,” ते म्हणाले. वर्गातल्याच आवाजात, गाडी खांबाला लागल्यावर शिकणाऱ्याला समजवावं तसे. “मी तुला… तू मध्ये आलीस म्हणून.” तिनं जीभ ओठावरून फिरवली. बोलायला जड जात होतं. “मध्ये नव्हते,” ती म्हणाली. “समोर होते.” आणि नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही. इतकी वर्षं कोणता दात ठणकतोय ते न कळता सगळं तोंड धरून बसावं, आणि एक दिवस नेमक्या त्याच दातावर बोट पडावं, तसं झालं. कपाचं कपाच्या नावावर, टीव्हीचं टीव्हीच्या, भिंतीचं भिंतीच्या लिहून घेतलेलं सगळं आज खोडलं गेलं. हे कधीच कपांचं नव्हतं, भिंतीचं नव्हतं. जिच्या नावचं होतं तिला आज पोचलं.

तिनं मान वळवली. बटण झोताच्या कडेला उभी होती. हातात ग्लास होता, आणि एवढं सगळं होऊन त्यातलं पाणी थेंबभरही सांडलं नव्हतं. सगळ्यात वाईट तेच दिसलं. ती उठली, लेकीच्या हातातून ग्लास काढून टेबलावर ठेवला, तिचं मनगट धरलं. “चप्पल घाल.”

“कुठं जायचंय?”

“खाली.”

“आणि बाबा?”

“ते टीव्ही बघतायत.”

जिन्यात बटण कुजबुजली, “आई, ओठ पूस ना. लोक बघतील.” तिनं पुसला नाही. दार उघडलं आणि दुपार अशी अंगावर आली की दोघींना डोळे मिटावे लागले. किती दिवसांनी एवढा उजेड, आणि त्यात कुणी कुणाला मारत नव्हतं. फुटपाथच्या कडेला शिकवणीची गाडी उभी होती, आणि गाडीपाशी रविवारची शिकाऊ मंडळी: औषधाच्या दुकानातला एक लठ्ठ माणूस आणि नवरा गेल्यावर या वयात गाडी शिकायला लागलेली एक पोक्त बाई. बाईचा हात गाडीच्या दारावर होता, तिचा पहिला नंबर असावा. “मास्तर येतायत ना खाली?” असं म्हणत ती वळली. “अगं बाई! हे काय झालं? जिन्यात पडलात?”

लोक किती चांगले असतात. प्रश्नाबरोबर उत्तरही घेऊन येतात. आपण नुसती मान हलवायची. हो म्हटलं की औषधवाला कापूस आणायला धावेल, बाई पदरानं रक्त टिपेल, मास्तर खाली येऊन म्हणतील, कितीदा सांगितलं जिन्यात दिवा लावत जा. तिच्या मुठीतलं लेकीचं मनगट ताठ झालं. आणि तिच्या आधी, शहाण्या पोरीसारखी, बटणच म्हणाली, “हो ना, आईचा पाय घसरला.” इतकं सफाईनं, इतकं वेळेवर, की क्षणभर तिला ते खरंच वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. शब्दाबरोबर रक्त आलं, ते तिनं येऊ दिलं. “पाय नाही घसरला. मास्तरांनी मारलं मला. आत्ता.”

औषधवाला कुठेतरी दुसरीकडे बघू लागला. बाई तिच्याकडे बघत राहिली, मग लेकीकडे, मग वर, जिथे भर दुपारी पडदे ओढलेल्या खिडकीच्या कडांतून निळा-लाल उजेड अजून हलत होता. तिनं गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला.